सातच्या आधी

काउन्सिलचा कागद आला तेव्हा मी तो
गल्ल्यामागच्या खिळ्याला अडकवला:
केरेन्सा ट्रेम्बाथ, वय तेरा, वर्तमानपत्रं वाटणे.
सकाळी सातच्या आधी नाही.
शाळेपूर्वी एका तासाहून जास्त नाही.
वर्षातून दोन आठवडे सलग मोकळे.
खाली तिच्या आईची सही,
अक्षरं उताराला लागलेली,
शेवटचं तर रेघेखाली घसरलेलं.
मला वाटलं, घाईत केली असेल.

ती यायची सहा चाळीसला.
न्यूलिनच्या धक्क्यावर तेव्हा बर्फाच्या पेट्या आदळत असतात,
समुद्रपक्षी एकमेकांच्या तोंडचं ओढत असतात,
आणि माझ्या दाराशी ही,
टोपीत केस कोंबून.
"सात वाजले नाहीत अजून."
"मी कुठे काम करतेय? उभी आहे नुसती."
तीस वर्षं दुकान चालवलं,
पण या उत्तरावर माझ्याकडे कलम नव्हतं.
मग आत घेतलं. हीटरपाशी दुधाचा क्रेट पालथा घालून दिला.
गठ्ठ्यांची दोरी मात्र कापू दिली नाही.
नियम म्हणजे नियम.

नोव्हेंबरात एकदा तिच्या बाहीवर लापशी वाळलेली दिसली,
मनगटावर निळ्या शाईत:
पाच दहा, गोळी.
साडेपाच, पेरन, दप्तर.
सहा, आई, उजवी कूस.
"हे काय गं?"
"विसरायला होतं."
"आणि बाबा?"
"बोटीवर. कधी दहा दिवस, कधी बारा."
बाही खाली ओढली तिनं. विषय मिटला.

त्या रात्री कागद खिळ्यावरून काढला
आणि चष्मा पुसून पुन्हा वाचला.
कारखान्यात नको. यंत्रापाशी नको.
चार तास राबलं तर एक तास विसावा हवाच.
कुणीतरी विचार करून लिहिलेलं,
बहुधा कुणाची तरी बोटं गेल्यावर.
फक्त त्यातल्या 'कामा'ला
दुकान लागत होतं, माझ्यासारखा मालक लागत होता.
आईला कुशीवर वळवायला
परवाना कोण मागतो?

तळाशी फोन नंबर होता.
दोनदा फिरवला, दोनदा ठेवला.
मदत येते तेव्हा ती दार नीट वाजवते की नाही,
मला ठाऊक नाही.
तिला विचारल्याशिवाय नाही, एवढं ठरवलं,
आणि विचारायचं अजून राहिलंय.

विचारलं ते भलतंच. "दमत नाहीस या फेरीनं?"
ती हसली, पहिल्यांदाच मोठ्यानं.
"ही? ही तर माझी सुट्टी आहे, मिस्टर नॅन्कॅरो.
चॅपलच्या उतारावर ब्रेक सोडून देते.
खालपर्यंत कुणी हाक मारत नाही."

सात वाजतात. पिशवी तिच्या खांद्यावर देतो.
पिशवी हलकी आहे, मी आधी वजनकाट्यावर ठेवून पाहिलीय.

फेरी बावन्न मिनिटांची,
मी स्वतः चालून मोजलेली, गुडघा दुखत असताना.
तिला सायकलवरून साठ लागतात.
वरची आठ मिनिटं कुठे जातात
ते मी वहीत लिहीत नाही.
पैसे साठचे देतो.