आजीव

गुरुवारी रात्री अकरानंतर
रुवीच्या हमरस्त्याचा आवाज जरा बसला
की मी मंडळाचं कुलूप काढते.
कुलूप म्हणजे पासवर्ड.
त्यात अजून दिगंबर खोतांच्या
कणकवलीतल्या स्कूटरचा नंबर आहे.
तीन वर्षं बदलायचा राहिलाय.

वर्गणी कुटुंबाला बारा रियाल, एकट्याला सात.
बायको गावी असलेला माणूस एकटा की कुटुंब
यावर दोन सभा झाल्या.
घटनेत व्याख्या नाही.
चहा मात्र दोन्ही वेळा पुरला नाही.

यादीत दोनशे अठरा नावं,
नावापुढे ठिपका. हिरवा, पिवळा, करडा.
करड्यापुढे यंत्र आपणहून लिहितं :
एक्स्पायर्ड.

मंगळवारी हिर्लेकरकाकूंचा फोन.
"अगं निरू, मी आहे गं अजून.
आत्ता डोशाचं पीठ वाटून हात धुतले.
माझ्या नावापुढे हे काय लिहिलंयस?
एक्स्पायर झाले ते आमचे हे, एकोणीस साली,
त्यांच्यापुढे बघ. हिरवा ठिपका."

बघितलं. खरंच हिरवा.
काकांनी आजीव वर्गणी भरलेली.
आजीवला यंत्र मरू देत नाही.

शब्द बदलायची जागा सापडायला दोन रात्री गेल्या,
नऊ पडदे आत, एका पोपटी बटणाखाली.
'मुदत संपली' लिहिलं,
ते औषधाच्या पट्टीसारखं दिसलं. किंवा व्हिशासारखं.
'खंडित' लिहिलं,
तर देव्हाऱ्यातून काढून पाण्यात सोडायची मूर्ती आठवली.
'थकबाकीदार' लिहून पाहिलं
आणि कुणी बघितलं तर नाही ना म्हणून
घाईघाईनं पुसलं.

मग ठरावाचं काम.
कायमचे परत गेलेले सदस्य काढून टाकावेत,
सूचक अमुक, अनुमोदक तमुक.
पहिलं नाव खोतांचं.
कंपनी बुडाली, हातात तीस दिवस,
पुस्तकांची दोन खोकी आमच्या बाल्कनीत ठेवून
विमानतळावरच्या काचेवर बोट टेकवून गेले.
तिथे त्यांना कुणी काही विचारलं नाही.

इथे मी 'काढा' दाबलं
आणि यंत्र विचारायला लागलं :
या सदस्याच्या मजकुराचं काय करायचं?
सगळा पुसायचा,
की दुसऱ्या कुणाच्या नावावर करायचा?

खोतांचा मजकूर.
आरतीच्या वेळा, रक्तगटांची यादी,
हिर्लेकरकाका गेले त्या रात्रीच्या चार ओळी,
कढीपत्ता कुठे मिळतो,
दारसैतच्या दवाखान्यात मराठी कळणारी नर्स कोणत्या वारी असते.
आणि 'नवीन आलात?' या मथळ्याखाली :
जूनमध्ये नळाला उकळतं पाणी येतं, घाबरू नका.
गीझर बंद ठेवा.
त्यात साठलेलं पाणी तेवढं गार असतं.

बारा वर्षांपूर्वी
हे वाचून मी या देशातली पहिली गार अंघोळ केली होती
आणि नळ चालू ठेवून रडले होते.

'दुसऱ्या कुणाच्या' खाली यादी उघडली.
यादीत एकच नाव, माझं.
दाबलं असतं तर उद्यापासून
गीझरच्या त्या ओळीखाली 'लेखक : निरुपमा' आलं असतं.
माऊस तसाच धरून बसले.
एसीचं पाणी बादलीत ठिबकत होतं,
बादली भरत आली होती.

रद्द.

पोपटी बटणाखाली परत गेले
आणि करड्या ठिपक्यापुढे लिहिलं : गावी.
खोत, गावी. बरं वाटलं.
एकट्याचे सात रियाल भरून
नंतर कायमचं कुटुंबाकडे गेलेले ते सुतार, गावी.
पत्ता न देता गेलेले तिघे, गावी.
समितीला काय सांगायचं ते शनिवारी बघू.

सकाळी साडेसातला फोन.
वाडी कबीरहून, मुलाच्या घरातून,
मुलाच्याच व्हिशावरून.
"निरू, आता गावी पाठवलंस होय मला?
बरं केलंस.
तिकीट कुठलं काढलंस तेवढं सांग.
एकेरी, की परतीचं?"