एका पायाचा जोडा

पावणेपाच वाजले की माझ्या घरात
कुणाचा तरी एक बूट सापडत नाही.
सोमवारी हॅटीचा, लाल नाडीचा.
मंगळवारी ब्रॅमचा.
बुधवारी तर ऑगीचा,
ज्याला अजून चालताही येत नाही.

दाराशी आया ताटकळलेल्या, गाड्या चालूच,
उतारावर बर्फ. डलूथमधला एप्रिल असाच.
मी सोफ्याखाली खांद्यापर्यंत हात घालते;
हाती येतो सुकलेला वाटाणा, एक ठोकळा,
गेल्या नाताळातला मोजा.
"आर्डिस, घर आहे की बोगदा?"
हसते मी. हसावं लागतं,
आठवड्याचे पैसे शुक्रवारी मिळतात.

वेंडल खिडकीत. चार वर्षांचा.
खाली सरोवर, वर उचलला जाणारा पूल,
खनिजाचं जहाज भोंगा देतं
तेव्हा बाकीची पोरं कान झाकतात.
तो मोजतो: एक लांब, दोन आखूड.
त्याचा बाप अशाच एका जहाजावर गेला.
जहाज परत आलं.

बूट मग सापडायचे:
पिठाच्या डब्यात, गार ओव्हनमध्ये,
धुलाईयंत्राच्या पोटात, टॉवेलांखाली.
एकदा मी त्याला धरलं, बूट हातात असतानाच,
आणि ओरडले. खोटं कशाला सांगू?
अकरा वर्षं पोरं सांभाळतेय
आणि ओरडले.
त्याची चड्डी ओली झाली. तो टेबलाखाली गेला
आणि जेवणाची वेळ टळली तरी बाहेर आला नाही.

एक आड एक गुरुवारी लिनेट येते.
काउंटी पाठवते तिला. मुलांच्या मनाचं बघते, म्हणतात.
मला वाटलं होतं वही काढेल,
कुठली शिक्षा, कुठला चांदणीचा स्टिकर, ते सांगेल.
ती गुडघे करकरवत फरशीवर बसली,
ब्रॅमने तिच्या डोक्यावर चाळणी ठेवली, ती राहू दिली.
मग मला विचारलं,
"बूट नसला की काय होतं?"
"काय व्हायचंय? कुणाला जाता येत नाही."
म्हणाले आणि बटाटा हातातच राहिला,
अर्धा सोललेला.

ती काही बोलली नाही.
निघताना, कोट घालता घालता, एवढंच:
"आणि तुझी विचारपूस कोण करतं?"
चहाचं पाणी उतू जाईल, म्हणाले मी.
शेगडी पेटवलेलीच नव्हती.

त्या संध्याकाळी कोरिन उशिरा आली,
इस्पितळातल्या चादरींचा वास अंगाला.
वेंडलने दाराची चौकट धरली, दोन्ही हातांनी.
मी माझी डाव्या पायाची सपात काढली,
टाचेला झिजलेली, लोकरीची,
आणि त्याला दिली.
"ही तुझ्याकडे ठेव. माझ्याकडे एकच उरली.
एका सपातेवर मी कुठे जाणार?
उद्या मी इथेच."

त्याने आधी सपात पाहिली. मग माझा पाय.
मग चौकट सोडली, एकेक बोट.

सकाळी सहा दहाला, अंधारात, तो आला
सपात कोटाच्या आत घेऊन.
पाय घातला तर ऊब,
आणि अंगठ्याशी बिस्किटाचा चुरा.
कोरिन म्हणाली, "रात्री जेवायला वाढली हो तिला."

सगळं सुरळीत झालं असं नाही.
पुढच्या मंगळवारी हॅटीचा बूट पुन्हा गेला.
मी शोधला नाही. जमिनीवर बसले,
त्याच्या उंचीला, आणि नुसती थांबले.
बऱ्याच वेळाने तो म्हणाला,
खिडकीकडे बघत, जणू हवामान सांगतोय:
"ओव्हनमध्ये."

रात्री पोरं गेली की भांडी घासते.
सपात आजही त्याच्याकडे आहे.
फरशी गार, डावा पाय उघडा.
खाली कुठलंसं जहाज धक्क्याला लागतंय.
मी नळ बंद करते.
एक लांब.