दंताळं

म्युनिकच्या या तंबूसारख्या छपराखाली आता
बहुतेक दिवस कुणी काही जिंकत नाही.
तळ्यातली बदकं पावाला सोकावलेली,
टेकडीवर पतंग, उताणी पडलेली माणसं,
आणि त्यांच्या पाठीखाली, गवताच्या तळाशी,
बॉम्बनं पाडलेल्या घरांच्या विटा.

कोर्बिनियान रोज येतो.
बहात्तर साली एकोणीस वर्षांचा होता,
लांब उडीच्या खड्ड्याशी, हातात दंताळं.
उडी झाली, टेप लागली, आकडा लिहिला
की वाळू सपाट करायची.
पुढच्याला कोरी मिळाली पाहिजे.

एक दिवस उड्या झाल्याच नाहीत.
झेंडे अर्ध्यावर.
खेळाडूंच्या वस्तीकडे मान वळेना.
त्याही दिवशी त्यानं वाळू सपाट केली. दोनदा.
का, ते अजून सांगता येत नाही.

आज झोपाळ्यावरून एक पोर झेपावली,
बदकन वाळूत बसली आणि ओरडली,
"आजोबा, किती?"
टेप कुठली? पावलाला पाऊल लावत तो गेला.
"साडेसहा. हात मागे टेकलास ना, तिथून धरायचं."
"पण पाय तर तिथं पोचले होते!"
"पाय पोचतात गं.
माप मागे राहिलेल्याचंच घेतात."

देफ्ने फुरंगटून आईकडे गेली.
वाळूत दोन टाचा, त्यामागे पाच बोटं.
सवयीनं त्याचा बूट पुढे सरकला,
कडेला येऊन अडला.
मग तो बाकावर बसून राहिला.
एक कुत्रं हुंगत आलं,
त्याला त्यानं हाडहाड करून हाकललं.