खरं अन्न

खोबऱ्याच्या गिरणीत एकतीस वर्षं
मी दुसऱ्यांची वजनं लिहिली.
पोतं काट्यावर चढायचं, मी आकडा पुकारायचो,
माल ओला निघाला तर चार किलो कापायचो,
सख्ख्या मेव्हण्याचीही गय केली नाही.

बुधवारी सावुसावूच्या दवाखान्यात
नर्स उलामिलानं मलाच काट्यावर चढवलं.
एकशे अठ्ठावीस.
ओला माल म्हणून काही कापलं नाही तिनं.

मग टेबलावर एक कागदी ताटली ठेवली,
पेनानं रेघा मारल्या.
अर्धी ताटली पाल्याची,
पाव मासळीची,
उरलेली पाव, एवढीशी, कार्बोहायड्रेटची.
"दालो, कसावा, भात, ब्रेड, नूडल्स,
सगळे ह्याच एका खोलीचे भाडेकरू.
एका वेळी एकालाच आत घ्यायचं, काका."

नीरफणस तर झाडावर लागतो, मी म्हटलं.
"झाडावर लागला तरी ह्याच खोलीत."
आणि मका?
"हिरवं नेसून आला तरी."

पोरी, आमच्या भाषेत
कंदाला म्हणतात खरं अन्न.
बाकी सगळं तोंडी लावणं.
मासा, पाला, बाजारातला डबाबंद गोमांसाचा गोळा,
सगळं तोंडी लावणं.
आणि तू सांगतेस
खरं ते पावभर,
तोंडी लावायचं ते पोटभर?

ती हसली नाही.
"खोटं कुठं म्हणते मी त्याला?
खरं आहे म्हणून तर अंगात मुरतं,
साखर होऊन रक्तात फिरतं.
तुमचे वडील दालोचा ढीग संपवायचे
आणि डोंगरावरच्या मळ्यापर्यंत चालायचे.
तुम्ही ढीग तेवढाच ठेवलात,
डोंगर सोडलात."

गिरणीतली माझी खुर्ची आठवली.
तिच्या गादीला माझा आकार आलाय.

"कंद मुठीएवढा," ती म्हणाली.
कोणाच्या मुठीएवढा,
ते मी मुद्दामच विचारलं नाही.

घरी मेरेओनीनं विचारलं.
मी माझी मूठ दाखवली.
तिनं नातीला हाक मारली,
"लुसियाना, तुझी मूठ दाखव गं आजोबांना."

शनिवारी परसात गेलो.
एक दालो उपटला, माती झटकली.
डाव्या हातात पानं, हत्तीच्या कानाएवढी.
उजव्या हातात कंद, गरम नसलेलं पोटासारखं जड.
झाड एकच,
आणि मधोमध,
जिथं मातीची पातळी होती तिथं,
एक फिकट रेघ.

वर तिची अर्धी ताटली.
खाली तिची पाव.
पोरीनं पेनानं मारायच्या आधीच
कोणीतरी मारून ठेवलेली.

आजवर पानं आम्ही डुकरांना घालायचो,
पाहुणे नसतील तेव्हा.

पाला घाईनं शिजवला तर घसा खाजतो,
सावकाश शिजवावा लागतो,
म्हणून चुलीशी बसून राहिलो.
मेरेओनीनं कंद कापला, तळहातावर तोलला,
थोडा अजून कापला.
"ओला माल," ती म्हणाली.

देठाचा शेंडा मी परत मातीत खोचला.

पाला मात्र पोटभर खाल्ला,
नारळाच्या घट्ट दुधात शिजवलेला.
नारळाबद्दल नर्सनं काही विचारलं नाही.
एकतीस वर्षं खोबरं तोललेला माणूस मी,
आपण होऊन कशाला सांगू?