धोटा पेटीत येईपर्यंत

रात्री दीड. विडी घरकुलात
पंखा गरम हवाच ढवळतोय.
मी एका थ्रेडला म्हटलं, थांब.
तो थांबला. लगेच, जिथं होता तिथंच,
कुलूप हातात धरून.

आता बाकीचे अकरा दाराशी उभे.
कुणी ओरडत नाही, एरर नाही,
कर्सर तेवढा मिचमिचतो.

नाना पाणी प्यायला उठले.
"काय झालं गं?"
दारम् अडकलंय, म्हटलं.
धाग्याचं ऐकून ते स्टूल ओढून बसलेच.

"चालता माग मध्येच दाबलास?
धोटा पोटात असताना?
ताण्याची शे-दोनशे तारं तुटतात,
मग बस सांधत दिवसभर.
थांबव की. पण धोटा
पेटीत येऊ दे."

मी ओळ बदलली:
निरोप ऐकून ठेव, हातातलं उरक,
थांबायच्या जागी पोचलास की थांब.
जाताना कुलूप काढ.

नानांचं लक्ष स्क्रीनकडे नव्हतं.
"मला मंगळवारी दुपारी सांगितलं मालकानं,
उद्यापासून नको.
चादर निम्मी झालेली.
काठापर्यंत विणली, गाठी मारल्या,
मागाखालचा कापूस झाडला,
किल्ली खिळ्याला अडकवली. सात वाजले."

मग जरा वेळानं,
"मजुरी दुपारपर्यंतचीच दिली."

मी प्रोग्राम पुन्हा चालवला.
एकेक करत अकराही आत गेले.
लॉगमध्ये उमटलं: थ्रेड चार, नीट संपला.

नानांनी तांब्या विसळला,
उपडा घातला,
आणि झोपायला गेले.