हरळीचं वजन

वॉचुलाची माती म्हणजे वाळूच.
ओंजळीत घेतली की बोटांमधून सांडते,
आणि खतही तिच्यातून तसंच सांडतं:
मार्चात टाकलेला नायट्रोजन
दोन मोठ्या सरींत पीस नदीला जाऊन मिळतो.

डेल्मा व्हिडन, वय चौऱ्याहत्तर,
पिकअप कुंपणाशी लावून खाली न उतरताच विचारते,
"माझं गवत गेलं कुठे?"

तीन वर्षं तिनं नुसता युरिया दिला.
रान इतकं हिरवं झालं की रस्त्यावरच्या गाड्या हळू व्हायच्या.
गठ्ठे वळले, ट्रक भरले, ओकालाच्या घोडेवाल्यांना विकले.
चौथ्या वर्षी पानांवर तपकिरी ठिपके,
आणि थंडीनंतर
जागोजागी वाळू उघडी.

मी लोखंडी चौकट टाकते. चौकटीतलं तेवढं कापते.
खाकी पिशवीत भरून भट्टीत ठेवते, साठ अंशांवर, तीन दिवस.
पाणी निघून गेल्यावर
हिरवेपणाचं खरं वजन किती
ते काटा सांगतो.

नुसता नायट्रोजन: उसना थाट.
फॉस्फरसनं काही फरक पडला नाही,
तो इथे पायाखालीच आहे;
दहा मैलांवर यंत्रं जुन्या समुद्राची हाडं उकरतात
आणि मालगाडीत भरून दूर पाठवतात.
पोटॅशच्या वाफ्यात तर पहिल्या वर्षी काहीच दिसेना.
उंची तीच, रंग तोच. मी वहीत लिहिलंसुद्धा, निष्फळ.
मग जानेवारीत हिमकडाका पडला,
मी कुदळ घातली,
आणि खाली सुतळीएवढ्या जाड पांढऱ्या कांड्या,
एकमेकींत गुंतलेल्या, जिवंत.
निष्फळ खोडलं. वर तारीख घातली.

डेल्मा याला बर्म्युडा म्हणते.
मी ओळखते हिला.
निफाडला आई कांद्याच्या वाफ्यातून
खुरप्यानं हिचीच कांडी न् कांडी काढायची,
एक पेर राहिलं तरी पंधरवड्यात वाफा तिचा.
बांधावर उन्हात फेकायची.
आणि त्याच ढिगातून कोवळ्या एकवीस काड्या
निवडून देवापुढे ठेवायची.
कुणी कधी हिला मूठभर खत घातलं नाही.
काळ्या मातीच्या पोटात पोटॅश मुबलक होतं,
हे मला इथे, या वाळूत, नळीत माती हलवताना कळलं.

"टनामागे किती जातं?" डेल्मा विचारते.
चाळीस-पन्नास पौंड, मी सांगते.
ती डॅशबोर्डवरच्या पावतीच्या मागे
ट्रक मोजते. तीन वर्षांचे.
पेन्सिल थांबते, पुन्हा चालते, मग खिशात जाते.
ओकच्या झाडावरून शेवाळी जटा हलतात.
बराच वेळ आम्ही दोघी
एकाच उघड्या डागाकडे बघतो.

"तुमच्याकडे काय म्हणतात याला?"
हरळी.
"हरली."
ळ. जीभ मागे वळवा, टाळूला लावा, सोडा.
ती प्रयत्न करते, हसते, पुन्हा म्हणते,
"हरली."

नाही, मी म्हणते,
अजून मुळं तपासायची आहेत.
आणि पिशवीवर वाफ्याचा आकडा घालते.