परतीची खेप

एक फेब्रुवारीला शेतात स्लरी सोडायची बंदी उठते
आणि लिमफियोर्डच्या दक्षिण काठावर
आमचे सगळे टँकर पहाटे साडेचारला
एकदम खोकायला लागतात.

मी थ्यूरा. गाडी नंबर सहा. अकरा गोठे माझ्याकडे.
येताना पचलेलं आणते, जाताना ताजं नेते.
अडतीस टन इकडे, अडतीस टन तिकडे.
रिकामं धावायचं नाही, हा नियम
संयंत्राच्या भिंतीवर कुठे लिहिलेला नाही,
म्हणूनच बहुतेक सगळे पाळतात.

शेण पडलं तर माती घेऊन उठतं म्हणे.
इथं ते मातीवर पडतच नाही.
सिमेंटच्या जाळीतून खाली, अंधारात,
मूत, भुसा, सड धुतलेलं पाणी,
एखाद्या कानातून निसटलेला पिवळा बिल्ला,
सगळं एका हौदात, गुमान.
तिथून माझ्या नळीत.

एस्किलच्या एकेचाळीस गायी मंगळवारी गेल्या.
कुठे, ते मी विचारलं नाही.
जमीन ठेवली आहे. जवाला खत लागेलच,
म्हणून आधी परतीची खेप त्याच्या टाकीत सोडली.
त्यानं हातमोजा काढून बोट बुडवलं, नाकाशी नेलं.
"याला वासच नाही."
थोडा असतो, म्हणाले, ओल्या डांबरासारखा.
"यात माझं किती?"

काय सांगणार?
अकरा गोठे, मासळीच्या कारखान्याचा गाळ,
बटाट्याची सालं, कुणाचं तरी नासलेलं दही.
कागदावर नत्र आहे, स्फुरद आहे, पालाश आहे,
टनामागे किलो, दशांशासकट.
कुणाच्या गायीचं, तो रकाना नाही.
त्यानं सही केली. त्याच्या बापाला कागद लागत नसे;
नोव्हेंबरात सगळं ओतून मोकळा व्हायचा.
मग पाऊस. मग खाडी आधी हिरवी, नंतर तपकिरी,
आणि ऑगस्टमध्ये ईल मासे पोटं वर करून काठाला.
"आम्हाला वाटायचं, पीक खातंय," एस्किल म्हणाला.

हौद तळापर्यंत उपस म्हणाला. कोपरेसुद्धा.
तीन खेपा लागल्या.
ढवळणी सुरू केली की जवळ यायचं नाही,
हे त्याला सांगावं लागत नाही.
ऐंशी साली त्याचा भाऊ याच काठावर वाकला होता,
अडकलेली झडप सोडवायला.
सडक्या अंड्यांचा वास येतो
तोवर माणूस सावध असतो.
वास थांबला की पळायचं.
तो थांबला तेव्हा भावाला
बरं वाटलं असणार.

एस्किल वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभा राहिला,
पाठ ताठ,
मीटर माझ्या कमरेला, तरी नजर त्याची त्याच्यावर.

शेवटची नळी गुंडाळताना मी बोलून गेले,
बोलायला नको होतं कदाचित:
आजचा माल टाकीत चाळीस दिवस राहतो.
म्हणजे मार्चच्या मध्यापर्यंत
तुझ्या गायींचा गॅस निघत राहील.
पाइपलाइनीतून गावात जातो. कुणाच्या चुलीत, सांगता येत नाही.

तो गप्प.
मग विचारलं, "कुठली टाकी?"
दुसरी. हिरव्या घुमटाची.

मार्चात एका रविवारी
तो संयंत्राच्या फाटकाशी दिसला,
सायकल धरून, टोपी खिशात.
घुमट फुगलेला होता. वारा नव्हता.
मागे माझी गाडी गुरगुरत होती
आणि शेजाऱ्याच्या बार्लीसाठी भरलेली खेप थांबली होती,
आधीच उशीर झालेला.

मी हॉर्न वाजवला नाही.
इंजिन बंद केलं.